डावीकडचं टिंब

"समोर गाडी आली," आई, माझ्या सासूबाई, म्हणाल्या. आज मंगळवार आहे, कोथिंबीर संपली, समोर गाडी आली. सगळं एकाच पट्टीत. म्हणून माझा पाय ब्रेकवर पोचायला उशीर झाला. एल कमिनो रस्त्यावर उजव्या लेनमधून एक पांढरी गाडी इंडिकेटर न देता आत घुसली होती, आणि मी थांबले तेव्हा तिच्या मागच्या काचेवरचा शाळेचा स्टिकर मला अक्षर न् अक्षर वाचता येत होता. सीटबेल्ट छातीत रुतला. मागच्यानं हॉर्न दिला. आई सरळ समोर बघत होत्या, डावा हात मांडीवर ठेवला होता तसाच. "लागलं का आई?" मी विचारलं. "नाही," त्या म्हणाल्या. बस, एवढंच. गंमत म्हणजे मला त्या पांढऱ्या गाडीवाल्याचा राग येतच नव्हता. माझे कान वाट बघत होते. "अगं माय वं! मारतेस का मला? डोळे काय पुण्याला ठेवून आली का?" हे यायला हवं होतं. इतकी वर्षं हे येत आलं होतं, रस्त्यात खार आडवी गेली तरी यायचं. त्या ओरड्यावर माझा पाय आपोआप ब्रेकवर पडायचा, मेंदूला विचारायची गरजच नसायची. आज शब्द आले, बरोबर आले, वेळेवर आले, आणि पाय हलला नाही. सिग्नल हिरवा झाला. "हिरवा झाला," सासूबाई म्हणाल्या.

उन्हाळ्यात त्यांच्या मेंदूच्या उजव्या बाजूला रक्ताची गाठ अडकली. डॉक्टरीणबाईंनी आम्हाला स्क्रीनवर चित्र दाखवून समजावलं होतं. शब्द बहुतेकांचे डावीकडे असतात, ते वाचले. उजवीकडे असतो तो बोलण्यातला चढउतार, लाडीगोडी, टोमणा, प्रश्नाचं वर जाणं. तो गेला. शिवाय डावा हात. "तुम्ही लकी आहात, भाषा वाचली," असं त्या म्हणाल्या आणि विक्रमनं, माझ्या नवऱ्यानं, सुटकेचा श्वास सोडला. मीही सोडला. भाषा वाचली म्हणजे आई वाचल्या, असं आम्हा दोघांनाही वाटलं होतं. घरी आल्यावर पहिल्या दिवशी मी चहा दिला. त्यांनी घोट घेतला, आणि म्हणाल्या, "चहा चांगला झाला." माझ्या हातून साखरेचा डबा पडायचा राहिला. माझा चहा आणि चांगला! ह्या बाईनं माझ्या चहाला कधी 'पुणेरी तीर्थ' म्हटलंय, कधी 'भांडी विसळलेलं पाणी'. पण ते म्हणताना कप दोन्ही हातांत घट्ट धरलेला असायचा आणि दुसरा कप मागायच्या. आता स्तुती आली ती दवाखान्यातल्या पावतीसारखी, आणि अर्धा कप तसाच राहिला. आमची इला तेरा वर्षांची आहे, तिला कशाचंच सोयरसुतक नसतं असा आमचा समज. ती त्या दिवशी माझ्यामागे स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, "मॉम, आजी साउंड्स लाइक शी इज रीडिंग." मी म्हटलं, होईल गं बरं. ती म्हणाली, "रीडिंग समबडी एल्स."

मी पुण्याची, नारायण पेठेतली. आमच्याकडे अपमानसुद्धा हळू आवाजात करतात. लग्नानंतर पहिल्यांदा नागपूरला धरमपेठेतल्या घरी गेले तेव्हा सकाळी सकाळी आतून आवाज आला, "अरे त्या भैताड पोट्टीला कोणी तर्रीपोहे द्या, उपाशी मारता का तिला!" भैताड म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं, पण चांगलं काही नसणार एवढं कळत होतं. मी विक्रमला विचारलं. तो म्हणाला, "मंद, बावळट, तसंच काहीतरी." मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले. पुण्याला फोन करून सांगणार होते की हे लोक मला पहिल्याच दिवशी शिव्या देतात. सासूबाई त्या काळात टेलिफोन एक्सचेंजमधून नुकत्याच रिटायर झाल्या होत्या. ट्रंक कॉल जोडण्यात अख्खा जन्म गेलेला. त्यांनी मला नळाच्या आवाजातूनही ओळखलं. बाहेर आले तर दारातच उभ्या. "काय करून राहिली आत? रडून राहिली?" मी नाही म्हटलं. "हं. 'नाही' कसं म्हणतात ते मला शिकवू नको. पोरी, मी नुसत्या हॅलोवरून सांगायची, पलीकडे बारसं आहे की बारावं." आणि मग माझ्या पाठीत एक गुद्दा घालून, "भैताड कुठली!" त्या वेळी मी ते पहिल्यांदा ऐकलं, म्हणजे खरं ऐकलं. 'भै' एकदम वर, 'ताड' लांब ओढलेलं, आणि शेवटाला दडवलेलं हसू. त्यांचा खरा राग वेगळा होता. खऱ्या रागात त्या मऊ व्हायच्या. "शुभा, बरं," एवढंच म्हणायच्या, आणि घरातली मांजरंसुद्धा पलंगाखाली जायची. एकदा हे कळल्यावर मी आयुष्यभर शिव्या खाल्ल्या आणि अंगी लावून घेतल्या. सासरे मोरेश्वरराव गेल्यावर त्या आमच्याकडे कॅलिफोर्नियात, सनीव्हेलला आल्या, तेव्हापासून तर मला दिवसातून एकदा भैताड ऐकलं नाही की काहीतरी चुकल्यासारखं वाटायचं. खोटं कशाला बोलू, माझ्या स्वतःच्या आईनं मला इतक्या प्रेमानं कधी हाक मारली नव्हती.

आणि आता शनिवारी त्या जाणार होत्या. माझा दीर अनिल कॅरीला राहतो, नॉर्थ कॅरोलायनात. मोठं घर, खालच्या मजल्यावर बेडरूम, बाथरूमला धरायच्या दांड्यासुद्धा त्यानं बसवून घेतल्या होत्या. आमचा आपला दुसऱ्या मजल्यावरचा अपार्टमेंट. पण हे कारण नव्हतं. कारण असं की आई स्वतः म्हणाल्या. "मला अनिलकडे पाठव. इथे नको." हे वाक्य मी पूर्वी आठवड्यातून दोनदा ऐकायची. भाजीत मीठ कमी पडलं, की अनिलकडे. इलानं मराठीत उत्तर दिलं नाही, की अनिलकडे. "थांबा, बॅग भरते, जाते अनिलकडे, मग कळेल ही सुहासिनी काय चीज होती!" आणि बॅग म्हणून मटारची पिशवी पुढ्यात ओढून सोलायला बसायच्या. आता तेच वाक्य आलं, पण सपाट. पहिल्यांदा मी हसले. माझ्या हसण्याकडे त्यांनी नुसतं बघितलं. चेहराही तसाच, डावी बाजू जरा ओघळलेली. दुसऱ्यांदा हसायचा धीर झाला नाही. तिसऱ्यांदा विक्रमनं ऐकलं, आणि त्यानं अनिलला फोन लावला. मी म्हटलं, अरे, त्या नेहमीच म्हणतात. तो म्हणाला, "शुभा, तिला एकेक वाक्य बोलायला किती कष्ट पडतात बघतेस ना? एवढे कष्ट करून माणूस गंमत करेल का?" विक्रम चिप डिझाइन करतो. त्याच्या जगात एक म्हणजे एक आणि शून्य म्हणजे शून्य. मी एकदा त्यांना सरळ विचारलं, "आई, खरंच जायचंय?" त्या म्हणाल्या, "जाते." त्या 'जाते'ला मी सगळ्या बाजूंनी हात लावून पाहिला. कुठेच काही लागलं नाही.

त्या मंगळवारी, ती पांढरी गाडी आत घुसली त्याच दिवशी, त्यांना थेरपीहून घरी सोडून, दुपारी येणाऱ्या मदतनीस बाईंच्या हवाली करून मी ऑफिसला गेले. मी फॉन्ट आणि मजकूर स्क्रीनवर नीट उमटवणाऱ्या टीममध्ये काम करते. लोकांना वाटतं की अक्षर दाबलं की अक्षर दिसतं. छे! मध्ये आम्ही बसलेलो असतो. माझ्यासमोर एक बग महिनाभर पडून होता. कुठल्याशा विद्यापीठात जुने कोरियन ग्रंथ कॉम्प्युटरवर चढवत होते, आणि आमच्या नव्या व्हर्जनमध्ये त्यांची टिंबं बिघडली होती. कोरियन लोक पूर्वी, म्हणजे चारेक शतकांपूर्वीपर्यंत, अक्षराच्या डावीकडे टिंब देत. एक टिंब म्हणजे स्वर उंच. दोन टिंबं म्हणजे खालून वर चढणारा. टिंब नाही म्हणजे खालचा, सपाट. मग हळूहळू टिंबं लिहिणं सुटलं. पण युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या जगभरच्या अक्षरयादीत, त्या दोन्ही खुणांना आपापली जागा आहे, आणि तिथे एक मजा आहे. साठवताना टिंब अक्षराच्या मागून येतं. दाखवताना मात्र ते उडी मारून अक्षराच्या डावीकडे, पुढे जाऊन बसायला हवं. आपली पहिली वेलांटी तरी दुसरं काय करते? टाइप होते मागून आणि बसते पुढे. आमच्याकडे ती उडीच चुकत होती. टिंबाला त्याचं अक्षर सापडत नव्हतं. आणि अशा अनाथ खुणेला धरायला काही नसलं की कॉम्प्युटर तिच्यासाठी ठिपक्यांचं एक रिकामं वर्तुळ काढतो; इथे कोणीतरी असायला हवं होतं, असं सांगणारं. त्या विद्यापीठवाल्यांच्या पानभर अशी रिकामी वर्तुळं पसरली होती. मी ते पान मोठं करून किती वेळ बघत बसले कोण जाणे. आमच्या घरी उलटं झालं होतं. अक्षरं सगळी जागच्या जागी होती.

आमचा मॅनेजर प्रथमेश माझ्याहून बारातेरा वर्षांनी लहान. ठाण्याचा पोरगा, हुशार, मनानं चांगला, पण कायम घाईत. तो माझ्या खुर्चीमागे उभा राहून म्हणाला, "शुभाताई, यार, हे अजून ओपन आहे? चारशे वर्षांपूर्वी बंद पडलेली गोष्ट. युजर किती असतील? दुरुस्त करायचं नाही, 'वोन्ट फिक्स' मारून क्लोज करा ना." मी म्हटलं, बघते. "बघते म्हणजे क्लोज करते की बघते?" मी म्हटलं, "बघते म्हणजे बघते रे बाबा!" तो हसून निघून गेला. त्याला कळलं. किती सोपं होतं ते. त्याच शब्दाला मी जरा वर उचललं, आणि त्याला कळलं की शुभाताई चिडलीय पण खूप नाही, आणि हा बग आज बंद होणार नाही. हे सगळं फुकट मिळत होतं आजवर, मी कधी त्याची किंमतच केली नव्हती.

जेवायला मी ह्ये-रानबरोबर बसते. ती आमच्या टीममधली कोरियन भाषेची जाणकार, माझ्याच वयाची, दाएगू शहराची. रोज माझ्या डब्यातलं लोणचं उचलते आणि तिची आंबवलेल्या कोबीची किमची मला देते. आमची मैत्री मुख्यतः आंबट-तिखटावर उभी आहे. मी तिला टिंबांबद्दल विचारलं. ती चॉपस्टिक खाली ठेवून हसायला लागली. "बंद पडली कोण म्हणतं? कागदावरून गेली. आमच्या दाएगूकडे लोकांच्या तोंडात त्यांतलं पुष्कळ अजून आहे. राजधानीतले, सोलचे लोक सपाट बोलतात. आम्ही चढउतार करतो. माझी आई दुकानात भाजीचा भाव विचारते तरी सोलवाल्याला वाटतं भांडण चाललंय." मी म्हटलं, थांब थांब, माझी सासू नागपूरची! आणि मग मी तिला भैताड सांगितलं. भै वर, ताड लांब. तिनं ते दोनदा म्हणून बघितलं, दुसऱ्या वेळी इतकं हुबेहूब आलं की मी कॅफेटेरियात, सगळ्यांसमोर, डब्याच्या झाकणात बघत बसले. तिनं नुसती किमची माझ्याकडे सरकवली. मग मीच सांगितलं. आई, गाठ, शनिवार. सगळं. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "टिंब नसणं हासुद्धा एक स्वरच असतो, शुभा. सगळ्यात जास्त अक्षरं बिनटिंबाचीच असतात. पण ते कळतं कधी? पानावर दुसरीकडे कुठेतरी टिंब असतं म्हणून. एकही टिंब नसलेलं पान दिलंस तर मलाही नाही सांगता यायचं, ही अक्षरं सपाट आहेत की टिंब द्यायचं राहून गेलंय."

घरी येताना हेच डोक्यात. आणि त्याच्या खाली दुसरं काहीतरी, जे मी ह्ये-रानलाही सांगितलं नव्हतं. समजा राहून काहीच गेलेलं नाही. समजा आता जे ऐकू येतंय तेच खरं आहे. चहा बरा होता. तू मंद आहेस. मला धाकट्याकडे जायचंय. इतकी वर्षं त्या हेच म्हणत असतील, आणि वरचा तो चढउतार म्हणजे फक्त सभ्यपणा. परक्या घरातून आलेल्या पोरीला टोचू नये म्हणून गुंडाळलेला कागद. कागद फाटला, आतली वस्तू दिसली. मी ज्याला प्रेम म्हणत होते ते बाईच्या मेंदूतल्या एका बोटभर जागेत राहत होतं, आणि ती जागा आता स्क्रीनवर काळी दिसते. मला ह्या विचाराची भीती वाटली. अगदी लहानपणी अंधाऱ्या जिन्याची वाटायची तशी. म्हणजे मला त्यांना जाऊ द्यायचं नव्हतं हे तर होतंच, पण त्याहून, त्या खरोखर मला सोडून जाऊ इच्छितात की काय, हे मला कळून घ्यायचं नव्हतं. पार्किंगमध्ये गाडी बंद करून मी बसून राहिले. वर आमच्या खिडकीत दिवा होता आणि त्यांचं डोकं दिसत होतं. त्या माझ्या गाडीकडेच बघत असाव्यात. पूर्वी असत्या तर एव्हाना बाल्कनीतून ओरडल्या असत्या, उतर की आता, काय गाडीतच संसार मांडून राहिली?

वर जाऊन मी मेथी काढली. थेरपिस्टनं त्यांना हातासाठी एक निळा मऊ गोळा दिला होता आणि टेबलावर पंजा ठेवून एकेक बोट उचलायचा व्यायाम. आईंनी तो गोळा पहिल्याच दिवशी सोफ्यामागे टाकला. बोटं उचलायला सांगितली की म्हणायच्या, "नाही करत." म्हणून मी रोज मेथी निवडायला बसवायची, उजव्या हातानं पान खुडायचं, डावा हात काडीवर नुसता ठेवायचा. आम्ही समोरासमोर बसलो. बोलायला काही नव्हतं, म्हणून मी टिंबांचं सांगायला लागले. ऑफिसातलं त्यांना मी नेहमीच सांगायची, त्यांना कळो न कळो, मध्येमध्ये हाणायच्या, "ह्याचे पैसे देतात तुला?" आज हाणलं नाही. मी टेबलावर बोट वाजवून दाखवलं. टक्, एक टिंब, उंच. टक् टक्, दोन, चढता. "आणि बघा आई, अक्षर आधी येतं, टिंब मागून येतं, पण वाचायचं मात्र आधी. मागून येऊन सगळ्या अक्षराचा सूर बदलून टाकतं." त्या मेथी निवडत होत्या. पान, काडी. पान, काडी. "आणि ही माझी मैत्रीण म्हणते, त्यांच्याकडेही तुमच्यासारखे लोक आहेत. प्रेमानं बोलले तरी भांडण वाटतं." त्यांनी मान वर केली. "टिंब नसेल तर?" त्यांनी विचारलं. प्रश्न होता हे मला शब्दांवरून कळलं, वाक्य वर गेलं नाही. मी म्हटलं, "तर सपाट. साधं. जे आहे ते." त्या म्हणाल्या, "हं." आणि परत पान, काडी. माझा हिरमोड झाला, दुसरं काय! मला काय वाटलं होतं, त्या उठून नाचतील?

बुधवार-गुरुवार बॅग भरण्यात गेले. दोन नव्या नऊवारी, औषधांचे डबे, तो निळा गोळा. मी भरत होते आणि त्या पलंगावर बसून बघत होत्या. कधी मी बाहेरच्या खोलीत असताना आतून काहीतरी वाजल्यासारखं व्हायचं, थांबून थांबून, बारीकसं. हीटर असेल म्हणून मी सोडून दिलं. इला एकदा म्हणाली, "आजी इज प्लेइंग समथिंग ऑन द टेबल." विक्रम म्हणाला, फिजिओचा व्यायाम करत असेल, चांगलं आहे. मला मात्र वाईटच वाटलं. आमच्याकडे केला नाही, आता अनिलकडे जायच्या उत्साहात करतायत. माणूस दुखावला की किती क्षुद्र होतो! ऑफिसात मी तो बग सोडवला. टिंब आपल्या अक्षराला शोधून, उडी मारून डावीकडे जाऊन बसायला लागलं. प्रथमेश म्हणाला, "सही! पण एवढा वेळ का घातलात?" मी म्हटलं, मला बघायचं होतं.

शुक्रवारी संध्याकाळी अनिल आला. गुणी माणूस. आल्या आल्या आईच्या पायाशी बसला, तिच्या डाव्या हाताची बोटं चोळत राहिला, आणि त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं. मला त्याचा राग येणं शक्यच नव्हतं, आणि तेच फार जड होतं. शनिवारी दुपारचं फ्लाइट होतं. सकाळी मी सांबारवड्या केल्या. नागपूरला कोथिंबिरीला सांबार म्हणतात हे मला ह्याच बाईनं शिकवलं, आणि वडीच्या पुडाची, वरच्या पारीची, घडी कशी घालायची तेही. हातावर चापट मारून. मी पहाटेपासून कोथिंबीर चिरत होते आणि रडत होते, आणि कांदा चिरला असता तर बरं झालं असतं, असं वाटत होतं. सगळे टेबलाशी बसले. बॅग दाराशी. आईंनी एक वडी खाल्ली. मग दुसरी खाल्ली. विक्रम घड्याळ बघत होता. अनिल हात पुसून उठला आणि म्हणाला, "चल आई, निघायचं ना?"

आईंनी माझ्याकडे बघितलं. चेहरा तसाच, ओघळलेला, काही न सांगणारा. आणि त्या बोलायला लागल्या, एकेक शब्द ठेवत, एकाच पट्टीत. "हो. ने मला. ह्या भैताड पोट्टीजवळ मी मरीन. हिला वडी येत नाही. चहा येत नाही." विक्रमनं मान खाली घातली. इला माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत भरून आलेलं बघून मी माझं आवरलं. झालं, मी मनात म्हटलं. कळून घ्यायचं नव्हतं ते कळलं. अनिल दाराशी गेला. बॅग उचलल्याचा आवाज झाला. मी ताटं गोळा करायला हात पुढे केला.

आणि आईंचा डावा हात हलला. तो टेबलावर पडलेला होता, ताटाच्या बाजूला, मी ठेवला होता तिथेच. त्यातलं एक बोट वर यायला लागलं. इतकं सावकाश, की आधी मला वाटलं भास होतोय. त्यांच्या कपाळावर घाम आला, ओठ दाबले गेले. ते बोट हवेत थांबलं, थरथरलं, आणि खाली पडलं.

टक्.

एक.

माझ्या हातातलं ताट तसंच राहिलं. मागून आलेल्या त्या एका टिंबानं उडी मारली आणि सगळ्या वाक्याच्या पुढे जाऊन बसलं, आणि ते वाक्य मला पहिल्यापासून परत ऐकू आलं. ह्या भैताड पोट्टीजवळ मी मरीन! भै वर, ताड लांब, शेवटाला दडवलेलं हसू. हिला वडी येत नाही! आणि दोन वड्या पोटात. तो आतल्या खोलीतून येणारा आवाज, तो हीटर नव्हता, मेली मी, भैताडच मी, चार दिवस ही बाई एक बोट उचलायला शिकत होती आणि मी तिच्या नऊवारी घड्या घालून बॅगेत भरत होते. मी हसायला लागले आणि रडायला लागले, दोन्ही एकदमच. विक्रम घाबरून उठला, "शुभा, काय झालं? काय झालं?" मी म्हटलं, "अनिलभाऊजी, ती बॅग खाली ठेवा." तो दारातच उभा. "वहिनी, पण आई आत्ता तर म्हणाली..." "ठेवा म्हणते ना खाली!"

मी ताट सोडलं आणि त्यांच्यासमोर खाली बसले, म्हणजे मला तो हात डोळ्यांच्या पातळीवर दिसावा. इतके दिवस जे विचारायचं मला धाडस नव्हतं ते आता विचारायला भीती वाटत नव्हती, कारण आता पानावर एक टिंब होतं. "आई," मी म्हटलं, "राहता ना माझ्याजवळ?"

"राहते," त्या म्हणाल्या.

मी बोटाकडे बघत राहिले. अनिल, विक्रम, इला, सगळेच बघत होते. ते टेबलावर होतं तसंच राहिलं, हललं नाही. टिंब नाही, म्हणजे साधं, जे आहे ते.